पहिला मान कुणाचा?

नोव्हेंबर १९७६ मध्ये फेअरचाइल्ड या अमेरिकी चिप बनवणाऱ्या कंपनीने ‘चॅनल एफ’ नावाचा व्हिडिओ गेम कन्सोल बाजारात आणला. टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं तोवर दुकानांत आली होती, पण त्यांतले खेळ कारखान्यातच कायमचे ठरून येत. टेनिसचं यंत्र घेतलं की टेनिसच खेळायचं आणि कंटाळा आला की यंत्र माळ्यावर टाकायचं. चॅनल एफने खेळ यंत्रातून बाहेर काढला. पिवळ्या प्लास्टिकच्या डबीत एक मेमरी चिप आणि त्या चिपवर लिहिलेला खेळ. एक डबी काढून दुसरी बसवली की तेच यंत्र नवा खेळ खेळायला तयार.

वाचताना हे सोपं वाटतं. हे काम करणाऱ्या तुकडीचे प्रमुख, कृष्णवर्णीय अभियंते जेरी लॉसन यांच्यापुढचे प्रश्न मात्र सोपे नव्हते. खेळाची प्रोग्रॅम-डबी बदलण्याची मूळ कल्पना आल्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीतल्या वॉलेस किर्शनर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. तिला घरात टिकेल असं रूप द्यायचं होतं. मुलं डबी दिवसातून दहा वेळा काढणार-घालणार, तेव्हा तिचे धातूचे संपर्कबिंदू झिजता कामा नयेत. गालिच्यावरून चालत आलेल्या मुलाच्या बोटांत साठलेली स्थिर वीज चिप जाळू शकते, तेव्हा तिला वाट मिळता कामा नये. आणि यंत्राच्या उघड्या खाचेतून रेडिओ लहरी गळल्या, तर शेजारच्या टीव्हीवर मुंग्या दिसणार आणि अमेरिकेचा दूरसंचार आयोग विक्रीला परवानगीच देणार नाही. हे सगळे प्रश्न कुणीतरी पहिल्यांदा सोडवणं भाग होतं. चॅनल एफवर ‘होल्ड’ असं लिहिलेलं एक बटणही होतं. ते दाबलं की चालू खेळ जागच्या जागी थांबे. घरच्या कन्सोलवर खेळ मध्येच थांबवण्याची सोय आली ती तेव्हापासून.

चॅनल एफ येतोय याची कुणकुण अटारी कंपनीला लागली, तेव्हा तिचं अशाच बदलत्या डबीचं, म्हणजे कार्ट्रिजचं, स्वतःचं यंत्र अजून कागदावरून पुरतं उतरलं नव्हतं. घाई करायला पैसा हवा होता. १९७६ मध्येच संस्थापक नोलन बुशनेल यांनी अटारी वॉर्नर कम्युनिकेशन्सला सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना विकली आणि सप्टेंबर १९७७ मध्ये अटारीचा व्हीसीएस, म्हणजेच पुढे ‘२६००’ या नावाने ओळखला गेलेला कन्सोल, दुकानांत आला. त्याच्या आयुष्यात सुमारे ३ कोटी यंत्रं विकली गेली. चॅनल एफची विक्री काही लाखांच्या पुढे गेली नाही. १९७९ मध्ये फेअरचाइल्डने हा व्यवसाय झिरकॉन या कंपनीला विकून टाकला. अटारीला शिखरावर नेलं ते १९८० साली आलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या घरगुती आवृत्तीने. ती लिहिणारे रिक मॉरर आधी फेअरचाइल्डमध्ये चॅनल एफसाठीच गेम लिहीत होते.

कल्पना आल्पेक्सची, घडण फेअरचाइल्डची आणि कमाई अटारीची. मग पहिलं येण्याला अर्थ काय? व्हिडिओ गेम कन्सोलचा इतिहास उघडणाऱ्या वाचकापुढे हा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहतो आणि पुढची पन्नास वर्षं तो वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा समोर येतो. जाहिरातींत ‘जगात प्रथमच’ हे शब्द इतके स्वस्त झाले आहेत, की त्यांच्याकडे दुर्लक्ष करावंसं वाटतं. या विषयात तसं करणं चुकीचं ठरेल. पहिलं कोण हे इथे खरोखर महत्त्वाचं आहे. फक्त कशात पहिलं, हे नीट तपासावं लागतं.

त्यासाठी कन्सोल ही वस्तू मुळात काय आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. घरच्या संगणकाचे भाग मालक हवे तेव्हा बदलतो. एकाकडे जुनं ग्राफिक्स कार्ड, दुसऱ्याकडे नवं, तिसऱ्याकडे जॉयस्टिकच नाही. कन्सोल हा बंद डबा असतो. तो एकदा बाजारात आला, की साधारण पाच ते सात वर्षं आतून जवळजवळ तसाच राहतो आणि लाखो घरांत सारख्याच क्षमतेचं यंत्र आणि तोच कंट्रोलर असतो. गेम बनवणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी खात्री असते. एखादी नवी गोष्ट प्रत्येक डब्यात असेल, तर तिच्या भरवशावर तो संपूर्ण खेळ रचू शकतो. तीच गोष्ट वेगळी विकत घ्यावी लागत असेल, तर दहातल्या एकाच घरात ती असण्याची शक्यता, आणि एका घरासाठी दोन वर्षं राबायला कुणी धजावत नाही. म्हणून कन्सोलमध्ये ‘आधी कोणाला सुचलं’ याच्या बरोबरीने ‘आधी कोणी प्रत्येक डब्यात घातलं’ हा प्रश्न विचारावा लागतो. त्याच्याही पुढचा तिसरा प्रश्न असा, की त्या नव्या गोष्टीवाचून खेळताच येणार नाही असा खेळ तिच्यासोबत आला होता का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच कंपनीच्या वाट्याला येणं दुर्मीळ. जेव्हा येतात, तेव्हा खेळण्याची रीतच बदलते.

प्रस्तुत चर्चा घरगुती आणि हातातल्या कन्सोलपुरतीच आहे. नाणं टाकून खेळायची आर्केड यंत्रं आणि संगणकावरचे खेळ यांचा पसारा वेगळा आहे. जिथे त्यांचा धागा कन्सोलला येऊन मिळतो तिथेच त्यांचा उल्लेख येईल.

सुचण्यातलं पहिलेपण कायद्याने किती मोलाचं ठरतं, याचं उदाहरण कन्सोलच्या जन्मातच आहे. राल्फ बेअर हे जर्मनीत जन्मलेले ज्यू गृहस्थ. नाझी राजवटीतून निसटून त्यांचं कुटुंब १९३८ मध्ये अमेरिकेला गेलं. १९६६ मध्ये ते न्यू हॅम्पशरमधल्या सँडर्स असोसिएट्स या संरक्षण साहित्य बनवणाऱ्या कंपनीत अभियंता होते. घरोघरी टीव्ही आहेत, मग त्यांवर खेळता का येऊ नये, या विचाराने त्यांनी टिपणं काढली आणि सहकाऱ्यांसह दोन-अडीच वर्षांत ‘ब्राउन बॉक्स’ हा नमुना उभा केला. त्यावरून मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ मध्ये ‘ओडिसी’ हा पहिला घरगुती कन्सोल विकायला काढला. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते आणि गुणही खेळणाऱ्यांनीच मोजायचे. पडद्यावर पांढरे ठिपके आणि एक रेघ, आणि मैदानाचं चित्र म्हणून टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत पारदर्शक कागद. विक्री मॅग्नाव्हॉक्सच्याच दुकानांतून होत असल्याने हे यंत्र मॅग्नाव्हॉक्सच्याच टीव्हीवर चालतं, असाही अनेकांचा समज झाला. साडेतीन लाखांच्या आसपास यंत्रं खपली आणि ओडिसी मागे पडला.

त्याच वर्षी मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम इथे ओडिसीचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा नोलन बुशनेल तिथे हजर होते. पुढे अटारीत ॲल अल्कॉर्न यांनी ‘पाँग’ घडवला आणि टेबल-टेनिसच्या त्या खेळाने अमेरिका वेडी केली. मॅग्नाव्हॉक्स न्यायालयात गेली. १९७६ मध्ये अटारीने तडजोड करून परवाना घेतला. त्यानंतर एकामागून एक कंपन्यांना बेअर यांच्या पेटंटपुढे मान तुकवावी लागली. १९८० च्या दशकात निन्टेंडोने ही पेटंट रद्द ठरवण्याचा प्रयत्न केला. १९५८ मध्ये विल्यम हिगिनबॉथम यांनी प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर टेनिस दाखवलं होतं, म्हणजे बेअर पहिले नव्हेत, असा तिचा युक्तिवाद होता. तो टिकला नाही. बाजारात फारसा न चाललेला कन्सोल पेटंटच्या बळावर वर्षानुवर्षं पैसे मिळवत राहिला.

पहिलेपण यंत्राचंच असतं असं नाही, व्यवहाराचंही असतं. १९७९ पर्यंत अटारीच्या कन्सोलसाठी गेम अटारीच बनवे. ते लिहिणाऱ्यांचं नाव डब्यावर छापलं जात नसे आणि विक्रीतला वाटाही त्यांना मिळत नसे. वैतागलेल्या चार प्रोग्रॅमरनी बाहेर पडून ‘ॲक्टिव्हिजन’ काढली आणि दुसऱ्याच्या कन्सोलसाठी गेम विकणारी पहिली स्वतंत्र कंपनी उभी राहिली. अटारीने दावा लावला, तोही मिटला आणि दार सर्वांनाच उघडं झालं. त्यातून निकृष्ट गेमचा असा पूर आला, की १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजारच कोसळला. न खपलेली कार्ट्रिजं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो इथल्या कचराभूमीत पुरली गेली. २०१४ मध्ये ती खणून काढली, तेव्हा ‘ई.टी.’ या गेमची कार्ट्रिजंही सापडली.

या पडझडीतून निन्टेंडोने धडा घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या एनईएस या कन्सोलमध्ये तिने एक कुलूप-चिप बसवली. कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप नसेल, तर खेळ सुरूच होत नसे, आणि ती जोडीदार चिप निन्टेंडोकडूनच मिळे. बाहेरच्या कंपनीने गेम बनवावा, पण परवाना घेऊन आणि प्रत्येक प्रतीमागे पैसे देऊन. कन्सोल बनवणारी कंपनी इतरांच्या गेमवर वाटा घेते, ही आजच्या सगळ्या मोठ्या कन्सोलची अर्थव्यवस्था तिथे पक्की झाली. पडद्यावर दिसणाऱ्या कुठल्याही करामतीपेक्षा या चिपचा परिणाम दूरवर पोहोचला.

निन्टेंडोचं दुसरं पहिलेपण आजही प्रत्येक खेळाडूच्या डाव्या अंगठ्याखाली असतं. १९८२ मध्ये ‘गेम अँड वॉच’ या चिमुकल्या यंत्रमालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी गुनपेई योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचं चार दिशांचं बटण बनवलं. घडी घालून खिशात ठेवायच्या यंत्रावर उभी दांडी शक्य नव्हती, या अडचणीतून ते जन्मलं. वर्षभरात ते जपानमधल्या फॅमिकॉम या कन्सोलच्या कंट्रोलरवर आलं. न पाहता अंगठ्याला दिशा कळते आणि बोट उचलावं लागत नाही. निन्टेंडोने त्याचं पेटंट घेतलं. सेगाने गोल चकती वापरली, सोनीने चारही टोकं वरून सुटी दाखवली. रूपं बदलली, तरी अंगठा तिथेच राहिला.

महाराष्ट्रातल्या पुष्कळ मुलांची कार्ट्रिज आणि हे बटण या दोन्ही शोधांशी गाठ पडली ती नव्वदच्या दशकात, फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांमधून. वरच्या खाचेत ‘कॅसेट’ दाबून बसवायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि ‘मारिओ’ किंवा ‘काँट्रा’ सुरू करायचा. त्या कॅसेटचा जन्म फेअरचाइल्डमध्ये आणि अंगठ्याखालच्या बटणाचा निन्टेंडोच्या क्योटोत झाला होता, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. इथल्या घरांत हे शोध क्रमाने आलेच नाहीत. सगळे एकदम आणि बिननावाच्या डब्यांतून आले. त्यामुळे कुणी काय केलं, हा हिशेब मराठी वाचकासाठी नव्याने मांडण्यासारखा आहे.

प्रत्येक डब्यात असणं आणि त्याच्यासाठीच रचलेला खेळ असणं, या दोन अटी एकत्र आल्या म्हणजे काय होतं, ते २३ जून १९९६ रोजी जपानमध्ये दिसलं. निन्टेंडो ६४ आणि ‘सुपर मारिओ ६४’ एकाच दिवशी आले. कंट्रोलरच्या मधोमध एक छोटी दांडी होती. किती झुकवली हेही तिला कळे आणि सोडली की ती आपोआप मध्यावर परत येई. अशी दांडी अगदी नवी नव्हती. १९८२ च्या ‘व्हेक्ट्रेक्स’ या कन्सोलवर ती होती, पण तो कन्सोल दोन वर्षांत बाजारातून गेला आणि त्या काळच्या खेळांना तिची गरजही नव्हती. मारिओला होती. दांडी जराशी सरकवली की मारिओ चवड्यांवर दबकत चाले, थोडी जास्त झुकवली की चालू लागे आणि पूर्ण झुकवली की धावत सुटे. झोपलेल्या शत्रूजवळून जायचं, तर खेळणाऱ्याचा अंगठाही हलका पडायला हवा. त्रिमितीय जगात फिरायचं कसं, हा प्रश्न त्या वेळी सगळ्यांनाच भेडसावत होता. शिगेरु मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंट्रोलर आणि खेळ एकमेकांशेजारी ठेवून घडवले आणि उत्तर दिलं.

सेगानेही त्याच उन्हाळ्यात ‘नाइट्स’ या गेमबरोबर तशी दांडी असलेला कंट्रोलर काढला. पण तिच्या सॅटर्न या कन्सोलच्या मूळ डब्यात तो नव्हता आणि बहुतेक गेम त्याच्यावाचूनच बनत राहिले. सोनीने १९९७ मध्ये एकाऐवजी दोन दांड्या दिल्या, त्यांत कंपनाची भर घालून ‘ड्युअलशॉक’ आणला आणि १९९९ मध्ये ‘एप एस्केप’ हा दोन्ही दांड्यांवाचून खेळताच न येणारा गेमही काढला. आजचा जवळजवळ प्रत्येक कंट्रोलर या दोन दांड्यांच्या आराखड्यावर उभा आहे. पहिलं पाऊल निन्टेंडोचं, आजची घडण सोनीची. श्रेय वाटताना दोघींनाही मोजावं लागतं.

उलट बाजूचं उदाहरण १९८९ चं आहे. हातात धरायचा रंगीत पडद्याचा पहिला कन्सोल अटारीचा ‘लिंक्स’. पडद्यामागे दिवा आणि चित्रं देखणी. पण सहा बॅटऱ्या चार-पाच तासांत संपत आणि किंमत जवळपास १८० डॉलर. त्याच वर्षी आलेला निन्टेंडोचा ‘गेम बॉय’ हिरवट, एकरंगी आणि बिनदिव्याचा होता. किंमत निम्मी, चार बॅटऱ्यांवर पंधरा तास आणि अमेरिकेत डब्यातच ‘टेट्रिस’. योकोई यांचा आग्रह असा, की मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि त्याचा वापर मात्र नवा शोधावा. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक विकल्या गेल्या. लिंक्सचं पहिलेपण पडद्यावर होतं. मुलाच्या शाळेच्या दप्तरात दिवसभर पुरणारा खेळ देण्यात गेम बॉय पहिला ठरला.

सीडीची गोष्टही अशीच. डिसेंबर १९८८ मध्ये जपानच्या एनईसीने पीसी इंजिन या कन्सोलला सीडी-रॉमची जोड दिली. एका चकतीवर शेकडो मेगाबाइट जागा, खरं संगीत आणि माणसाचा आवाज. मात्र ती महागडी जोड वेगळी घ्यावी लागे. सेगाने १९९१ मध्ये तोच मार्ग धरला. निन्टेंडोसाठी सोनी असं यंत्र बनवत होती, पण जून १९९१ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने ते जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी केल्याचं सांगितलं. सोनीतल्या केन कुतारागी यांनी मग स्वतंत्र कन्सोलसाठी जिद्द धरली. ३ डिसेंबर १९९४ रोजी आलेल्या प्लेस्टेशनमध्ये सीडी मुळातच होती. सीडी छापायला स्वस्त आणि झटपट, कार्ट्रिज महाग आणि वेळखाऊ. निन्टेंडोला वर्षानुवर्षं साथ देणारी स्क्वेअर कंपनी ‘फायनल फँटसी ७’ घेऊन सोनीकडे आली तेव्हा तो गेम तीन सीडींवर मावला होता. सीडी आणण्यात सोनी सहा वर्षं मागे होती. सीडी असणारच असं धरून गेम लिहिण्याची मुभा देऊन तिने बाजी मारली.

दुकानात आधी पोहोचणं हा पहिलेपणाचा सगळ्यात फसवा प्रकार. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पहिल्या ई३ प्रदर्शनात सेगाने जाहीर केलं, की सॅटर्न सप्टेंबरऐवजी आजपासूनच ३९९ डॉलरना मिळेल. गेम तयार नव्हते आणि ज्यांना माल मिळाला नाही ते दुकानदार दुखावले. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, प्लेस्टेशनची किंमत म्हणून ‘२९९’ एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

त्याच सेगाने पुढे कन्सोलच्या इतिहासातलं बहुधा सर्वांत धाडसी पहिलं पाऊल टाकलं. नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानला आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेला आलेल्या ड्रीमकास्टमध्ये मोडेम बसवलेलाच होता. कन्सोल फोनच्या तारेला जोडण्याचे प्रयत्न आधीही झाले होते, पण ते सगळे वेगळ्या उपकरणांच्या भरवशावर होते. बहुतेकांच्या घरी इंटरनेट नसताना प्रत्येक यंत्रावर मोडेमचा खर्च सोसणं हा जुगार होता, आणि सेगाचे प्रमुख इसाओ ओकावा यांचा कन्सोल ऑनलाइन नेण्यावर ठाम विश्वास होता. ‘सॉनिक’ हा गेम घडवणाऱ्या युजी नाका यांना त्यांनी ऑनलाइन खेळायचा मोठा गेम बनवायला सांगितलं. डिसेंबर २००० मध्ये ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ आला.

या गेमकडे थोडं जवळून पाहायला हवं. चार खेळाडू एकत्र मोहिमेवर निघणार, आणि ते एकाच देशातले असतील असं नाही. जपानी मुलाने अमेरिकी मुलाशी बोलायचं कसं? नाका यांच्या तुकडीने तयार वाक्यांची एक यादी दिली. ‘मदत करा’, ‘या दारातून चला’ अशी वाक्यं खेळाडूने आपल्या भाषेत निवडायची. समोरच्याच्या पडद्यावर ती त्याच्या भाषेत उमटत. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या पाच भाषांत ही सोय होती. शिवाय चिन्हं जोडून स्वतःचे हसरे-रडके चेहरे बनवून पाठवता येत. समाजमाध्यमं येण्याच्या आधीच, टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसलेली मुलं एकमेकांची भाषा न येता एकमेकांना सांभाळत होती.

ड्रीमकास्ट वाचला नाही. सॅटर्नच्या वेळी गेलेला विश्वास परत आला नव्हता, इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या बड्या कंपनीने त्याच्यासाठी एकही गेम काढला नाही आणि मार्च २००० मध्ये डीव्हीडी चालवणारा प्लेस्टेशन २ आला. त्याची पुढे १५ कोटींहून अधिक यंत्रं विकली गेली. जानेवारी २००१ मध्ये फँटसी स्टार अमेरिकेत पोहोचला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सेगाने कन्सोल बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. यंत्रं ९१ लाखांच्या आसपास विकली गेली होती. ओकावा यांनी आपली कोट्यवधी डॉलरची वैयक्तिक संपत्ती कंपनीला देऊन टाकली आणि मार्च २००१ मध्ये ते वारले.

पेरणी सेगाची, कापणी मायक्रोसॉफ्टची. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या एक्सबॉक्समध्ये ब्रॉडबँडसाठी इथरनेटची जोडणी आणि हार्ड डिस्क मुळातच होती. वर्षभराने ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ सुरू झालं. सगळ्या गेमसाठी एकच नाव, एकच मित्रांची यादी आणि बोलण्यासाठी हेडसेट. फँटसी स्टारची आवृत्ती पुढे एक्सबॉक्सवरही आली आणि अमेरिकेतल्या सेगाचे प्रमुख पीटर मूर मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. म्हणून ड्रीमकास्टला केवळ अपयशाच्या खात्यात टाकणं अन्यायाचं आहे. हरलेल्याने मांडलेला प्रश्नच जिंकणाऱ्याने सोडवला, आणि तो प्रश्न मांडायला हिंमत लागली होती.

अंगाच्या हालचालींवर चालणाऱ्या खेळांत तिन्ही प्रश्न स्वच्छ दिसतात. १९८९ चा ‘पॉवर ग्लव्ह’ हा एनईएसचा वेगळा विकत घ्यायचा हातमोजा होता. तो फसला. २००६ मध्ये निन्टेंडोने ‘वी’ आणला. आतलं यंत्र आधीच्या गेमक्यूब या कन्सोलपेक्षा फार पुढचं नव्हतं, पण प्रत्येक डब्यात हालचाल ओळखणारा रिमोट होता, आणि जपानबाहेर बहुतेक देशांत सोबत ‘वी स्पोर्ट्स’. कंट्रोलर कधीच हाती न धरलेले आजी-आजोबा बोलिंग खेळू लागले. १० कोटींहून अधिक यंत्रं खपली. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये ‘कायनेक्ट’ कॅमेरा आणला आणि ६० दिवसांत ८० लाख विकले. मग २०१३ मध्ये एक्सबॉक्स वनच्या प्रत्येक डब्यात तो सक्तीने घातला. म्हणजे अट पूर्ण झाली, पण त्याच्यावाचून अडेल असा खेळ आला नाही आणि कन्सोल प्लेस्टेशन ४ पेक्षा शंभर डॉलरनी महाग पडला. वर्षभराच्या आत त्याला कॅमेऱ्याविना विकावं लागलं.

या सगळ्यातून वाचकाने विजेत्यांची यादी पाठ करावी अशी अपेक्षा नाही. प्रत्येक दाव्याशी त्याने तीन गोष्टी ताडून पाहाव्यात: कुणाला सुचलं, कुणी सर्वांच्या हाती दिलं आणि कोणत्या खेळाने ते अपरिहार्य केलं. असं पाहिलं की बेअर, लॉसन, योकोई, ओकावा ही नावं तळटिपांतून वर येतात. लॉसन यांचा व्यवसायातल्या विकसकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सन्मान केला तो मार्च २०११ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या महिनाभर आधी. चॅनल एफला तेव्हा चौतीस वर्षं उलटली होती. इतका उशीर पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये, हेही या लेखनाचं एक कारण आहे.

आजही हा हिशेब मोकळाच आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरमध्ये सोनीने दाबाला विरोध करणारे ट्रिगर दिले. धनुष्याची दोरी ताणताना बोटाला ताण जाणवतो, अडकलेल्या बंदुकीचा घोडा मध्येच अडतो. ते प्रत्येक डब्यात आहेत, आणि त्यांची ओळख करून देणारा ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ यंत्रात आधीच भरलेला असतो. पण एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर तसे ट्रिगर नाहीत. दोन्हीकडे गेम विकणाऱ्या कंपन्या त्यांच्यावर सगळा खेळ बेतत नाहीत, वरवरची चव म्हणून वापरतात. जून २०२५ मध्ये निन्टेंडोने स्विच २ चा कंट्रोलर आडवा टेकवून माऊससारखा सरकवण्याची सोय दिली. तिच्यावाचून खेळताच येणार नाही असा गेम कोण लिहितो आणि पुढच्या पिढीत दुसरी कोणती कंपनी तीच सोय आपल्या डब्यात घालते, यावर तिचं माप ठरेल.